निर्माल्याचा मोसम

माघ सरत आला की बंगळूरच्या बेळ्ळंदूरला वास सुटतो. इतर ठिकाणी या दिवसांत आंब्याच्या मोहराचा वास येतो म्हणे. आमच्याकडे तलावाचा येतो. थंडी ओसरते, ऊन चढायला लागतं आणि ज्याला लोक अजूनही जुन्या सवयीने तलाव म्हणतात त्या काळ्या गाळातून सडकी अंडी, साबणाचं पाणी आणि गटार असा तिहेरी दर्प उठतो. तो चौदाव्या मजल्यापर्यंत आरामात चढून येतो. खिडक्या लावाव्यात तर उकडतं, उघडाव्यात तर मळमळतं. घर बघायला आलो तेव्हा दाखवणाऱ्या माणसाने बाल्कनीचं दार मोठ्या झोकात सरकवून ‘लेक व्ह्यू, सर’ म्हटलं होतं. पावसाळ्याचे दिवस होते, लांबून पाणी निळसर दिसत होतं आणि वारा पलीकडे वाहत होता. आता वारा आमच्याकडे वळला की मी त्या माणसाचा उद्धार करतो आणि मेघना, माझी बायको, उदबत्ती लावते. मग घाण आणि चंदन मिळून जो वास तयार होतो तो नुसत्या घाणीपेक्षा वाईट असतो.

याच दिवसांत शहरभर ती गुलाबी फुलांची झाडं फुलतात. महादेवपुऱ्याला ऑफिसला जाताना वाटेत असं एक झाड आहे. त्याच्याखाली रोज सकाळी कुणीतरी नटून उभं असतं आणि दुसरं कुणीतरी फांदी गदागदा हलवत असतं, म्हणजे अंगावर फुलं पडतानाचा व्हिडिओ नीट यावा. फूल आपणहून गळेपर्यंत थांबायला कुणाला सवड नाही. मागे गाड्या खोळंबतात, हॉर्न वाजतात, आणि दुपारी जेवताना तेच व्हिडिओ आम्ही एकमेकांना दाखवतो. मीही ‘वा’ म्हणतो. न म्हणावं तर माणूस तुसडा ठरतो. मी तुसडा आहेच, पण ऑफिसात ते सगळ्यांना कळायची गरज नाही.

आणि याच दिवसांत मला नदी आठवते. आधी ती छान आठवते, मग ओकारी येते.

नदी म्हणजे कावेरीच, पण तिच्या कुठल्या वळणाबद्दल मी बोलतोय ते सांगणार नाही. सांगून जे व्हायचं ते एकदा होऊन गेलंय. एवढंच सांगतो, की कनकपुऱ्याच्या पुढे नाचणीची कापलेली शेतं आणि तुतीचे मळे मागे पडले की रस्ता बारीक होत जातो आणि शेवटच्या वाडीत डांबर संपतं. तिथे एक चहाची टपरी. तिच्या मागून पायवाट बांबूच्या रानातून खाली उतरते. उतरताना हत्तीची वाळलेली लीद लागते, मोडलेल्या फांद्या दिसतात आणि आपण आपोआप हळू बोलायला लागतो. मग पायांना गारवा लागतो, अर्जुनाची पांढरी, गुळगुळीत खोडं दिसतात आणि त्यांच्यामागे पाणी. पलीकडचा काठ राखीव जंगलाचा. अलीकडचा कुणाचाच नाही, म्हणून आमच्यासारख्यांना तिथे बसता यायचं.

ही जागा मी शोधली ती सासऱ्यांसाठी. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

मेघनाच्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. निपाणीजवळच्या एका खेड्यातले. साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. सासूबाई त्या वर्षी दिवाळीच्या आधी गेल्या. अप्पा एकटेच राहू म्हणाले आणि राहिले. मग एका सकाळी न्हाणीत पाय घसरून पडले आणि दूधवाल्याने हाक मारेपर्यंत तसेच पडून होते. हाड मोडलं नाही हे नशीब. मेघना पहिल्या गाडीने गेली आणि त्यांना घेऊनच आली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की यांना आता एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी निभावेलच असं नाही.

पण अप्पांना चौदावा मजला मानवेना. आम्ही दोघं लॅपटॉप उघडून आपापल्या खोलीत. ते बाल्कनीत बसायचे ते तलावाच्या वासाने आत यायचे. आतून पुन्हा बाल्कनीत. खाली बागेत गेले तर बाकावर बसलेली माणसं कानात बोंडं घालून बसलेली. ‘हितं माणसं राहत्यात का कपाटात ठेवल्यात?’ असं त्यांनी एकदा मेघनाला विचारलं. जेवण अर्ध्यावर आलं. कुशीवर वळून भिंतीकडे बघत पडून राहायचे. शेवटी एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, ‘शिमग्याला मी जाणार. घर बंद ठिवून चालत न्हाई.’  मेघना स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. तिचं म्हणणं एकच होतं, ते परत त्या न्हाणीत एकटे जायला नकोत. शिमग्यापर्यंत अप्पांचं मन वळवायचं होतं आणि ते कसं वळवायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मला वाटलं, या माणसाला मोकळी हवा हवीय, शांतता हवीय. आयुष्यभर बॉयलरच्या आवाजात उभा राहिलेला माणूस, त्याला आता दुसरं काय हवं असणार? म्हणून मी त्यांना नदीवर नेलं. एकदा नेलं आणि मग त्या मोसमात दर शनिवारी नेलं.

माघातली नदी पाहिली नसेल तर नदी पाहिली असं म्हणू नये. पावसाळ्यात ती नुसती ताकद दाखवते. माघात पाणी उतरतं, खडक उघडे पडतात, काळे, गोल, वरून उन्हाने तापलेले आणि खालून गार. पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे मोजावेत. मोठे मासे डोहात एका जागी शेपटी हलवत उभे. कवड्या खंड्या पाण्यावर पंख फडफडवत एका ठिकाणी थांबायचा आणि मग दगडासारखा खाली पडायचा. अर्जुनाच्या शेंड्यावर राखी रंगाचं शेकरू एका फांदीवरून दुसरीवर जाताना पानं खालपर्यंत हलायची. पलीकडच्या वाळूवर एक मगर असायची, तोंड उघडं टाकून, जणू दुपारच्या जेवणानंतर आडवी झालेली. आणि मुख्य म्हणजे पाणमांजरं.

पहिल्यांदा दिसली तेव्हा मी अप्पांचा दंड इतका घट्ट धरला, की ते ‘हळू की’ म्हणाले. आधी पाण्यात डोकी दिसली, चपटी, ओली, चकचकीत. मग सगळं कुटुंब खडकावर चढलं. आई, बाप, एखादी मावशी असावी, आणि तीन पिलं. अंग झटकलं, एकमेकांवर पडली, वाळूत लोळली. मोठ्याने एक मासा पकडून आणला आणि पिलांनी त्यावरून जी भांडणं केली ती बघून मला आमच्या घरातली भावंडं आठवली. मासा खाताना कटाकटा आवाज यायचा. एवढ्या लांबून हाडं चावल्याचा आवाज ऐकू येईल अशी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती.

‘कन्नडात नीरनाई म्हणत्यात ह्येला,’ अप्पा म्हणाले. ‘पाण्यातलं कुत्रं. आनी आपल्यात पाणमांजर. एकाच जनावराला एक कुत्रं म्हणतोय, एक मांजर. ते बिचारं मासा खातंय.’

मी हसलो आणि हळू बोला अशी खूण केली. अप्पा गप्प झाले. मग आम्ही तास न् तास गप्प बसायचो. मला वाटायचं, ही गप्प बसण्याची गोडी त्यांनाही लागलीय. सकाळी लवकर उठून दाढी करून तयार राहायचे. वाटेत गाडीत भरपूर बोलायचे. टपरीवर तर इतके रमायचे, की मला घाई करावी लागे. टपरी चालवणाऱ्या अक्कांशी त्यांचं कन्नडात काय काय चालायचं. त्यांची सून, त्यांची म्हैस, यंदाचं नाचणीचं पीक. ‘अप्पा, चला, ऊन वाढलं की ती दिसत नाहीत,’ म्हणून मी ओढून न्यायचो. अक्का म्हणायच्या, ‘स्वल्प बसू दे की.’ परत येताना पुन्हा तिथे थांबून ते दोन वेळा चहा घ्यायचे. घरी आल्यावर भाकरी पुरी खायचे. मेघना माझ्याकडे बघायची आणि मी भुवया उडवायचो, म्हणजे बघ, नदीचा गुण.

शिमगा जवळ आला होता. अप्पा जाण्याबद्दल बोलेनासे झाले होते. राहतो असंही म्हणाले नव्हते.

आता सबनीसांकडे यायला हवं. ज्या माणसाबद्दल लिहिताना हात शिवशिवतात त्याच्याबद्दल नीट लिहिणं अवघड असतं. सबनीस आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये राहतात. पुण्याचे. अत्यंत उत्साही, मनमिळाऊ, अर्ध्या चड्डीत फिरणारा, गणपतीत ढोल गळ्यात बांधणारा, कुणाच्याही आजारपणात डबा पोचवणारा माणूस. आसपासच्या मराठी लोकांचं मंडळ त्यांनीच उभं केलंय. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

एकदा ते आमच्या टॉवरमध्ये डबा पोचवायला आले असता अप्पांनी लिफ्टमध्ये त्यांना नदीबद्दल सांगितलं. लिफ्टमध्ये कुणी मराठी बोलतंय याचाच त्यांना इतका आनंद झाला होता, की हातचं काही राखलं नाही. दुसऱ्याच दिवशी सबनीस दारात हजर.

‘अहो, तुम्ही नदीवर जाता म्हणे! बोलला नाहीत कधी. एक सांगा, वाहतं पाणी आहे का?’

हा प्रश्न ऐकताच मी दार अर्धवट ओढून घेतलं. कारण त्याचा अर्थ मला कळला. आमच्या लोकांच्या घरात देवाची सुकलेली फुलं कचऱ्यात टाकत नाहीत. सोसायटीत ओल्या कचऱ्याची हिरवी बादली आहे, तिच्यात भाजीच्या देठांबरोबर देवाचा हार कसा टाकायचा? निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं. गावी नदी असते, ओढा असतो, काही नाही तर विहीर असते. बंगळूरात नदी नाही. तलाव आहेत, पण आमच्या तलावात देवाचं काही सोडायचं म्हटलं तर लोकांना शिसारी येते. म्हणून निर्माल्य साठतं. प्रत्येकाच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे एक गाठ मारलेली पिशवी लोंबत असते. भाद्रपदातला गणपती, नवरात्र, सत्यनारायण, श्रावणातल्या सोमवारांचा बेल, सगळं तिच्यात. पिशवी फुगते, खालून काळं पाणी झिरपतं, चिलटं होतात. तरी ती टाकत नाहीत. कुणी कधी धबधब्याला, डोंगराला, समुद्राला जाणार असेल तर त्याच्या गाडीच्या डिकीत ती जाते. म्हणजे आपला तलाव घाण आहे म्हणून तिथे टाकायचं नाही, दूरवर एखादी स्वच्छ नदी शोधून काढायची आणि तिथे नेऊन टाकायचं. याला आम्ही श्रद्धा म्हणतो.

‘पाणी आटलंय सध्या,’ मी सबनीसांना म्हणालो.

‘कुठलं आटलंय?’ अप्पा आतून म्हणाले. ‘गुडघ्याएवढं हाय की! डोहात तर पुरुषभर असंल.’

पुढच्या रविवारी एक मिनीबस निघाली. अप्पा वाट दाखवायला म्हणून पुढच्या सीटवर बसले, मी आणि मेघना मागून गाडी घेऊन. मला वाटलं होतं, हत्तीची लीद बघून लोक घाबरतील आणि टपरीवरूनच परत फिरतील. लोक घाबरले नाहीत. लिदीबरोबर फोटो काढले. घड्या घालायच्या खुर्च्या, पोह्यांचे डबे, सरबताचा पिंप, गाणी लावायचा डबा आणि सबंध टॉवरचं निर्माल्य घेऊन ती वरात पायवाटेने उतरली. निर्माल्याच्या पिशव्या माझ्यापुढे चालल्या होत्या. त्यांचा वास मी आयुष्यभर विसरणार नाही. कुजलेला झेंडू, आंबलेलं दूध, बुरसटलेलं खोबरं आणि या सगळ्याच्या वर कापराचा एक गोड तवंग. देवाला वाहिलेल्या गोष्टी कुजतात तेव्हा त्या इतर कुजक्या गोष्टींपेक्षा जास्त ओंगळ होतात, कारण नाक मुरडायचीही चोरी.

सबनीस खडकावर उभे राहिले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पहिली पिशवी गाठीसकट डोहात फेकली.

‘अहो सबनीस, पिशवी तरी काढा! प्लास्टिक आहे ते!’

‘अहो, बुरशी आलीय आतमध्ये. हात कुठे घालता?’

‘तुम्हाला हात घालवत नाही, आणि त्या पाण्यात जनावरं राहतात.’

‘पवित्रच होतील हो,’ ते हसून म्हणाले, आणि दुसरी फेकली.

मग एकामागून एक. पिशव्या, हार, नारळ, लाल चुनऱ्या, बांगड्या, तसबिरी. तसबिरी तर किती! कुणाच्या घरातला काच तडकलेला दत्त, कुणाचा रंग उडालेला मारुती. भंगलेला देव घरात ठेवायचा नाही, म्हणून तो इथे. एक तसबीर खडकावर आपटून फुटली आणि काचा डोहात चमकत खाली गेल्या. मघापर्यंत तळाचे गोटे दिसत होते, तिथे चहासारखं पाणी झालं. मासे केव्हाच निघून गेले होते. कुणीतरी आरती लावली. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मेघनाने माझा हात धरून ठेवला होता, मी काही वेडंवाकडं बोलू नये म्हणून.

पाणमांजरं वरच्या अंगाला होती. आवाजाने त्यांची डोकी वर आली, एक शीळ ऐकू आली, मोठी सगळी पलीकडच्या लव्हाळ्यात शिरली. एक पिलू मात्र मागे राहिलं. त्याला तरंगत येणारा हार दिसला. पिलूच ते, त्याला खेळणं वाटलं. नाकाने ढोसलं, उलटं झालं, पंजात धरलं आणि डोकं आत घातलं. नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला हार होता. तो गळ्यात बसला.

‘अय्या, बघा बघा! हार घातला त्याने!’

‘व्हिडिओ घे, व्हिडिओ घे!’

‘प्रत्यक्ष देवच आला हो.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात जोडले. एकीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पिलू मान झटकत होतं, पंजांनी ओढत होतं आणि दोरा सुटत नव्हता. मी हात सोडवून घेतला आणि चपला न काढता पाण्यात शिरलो. माझी चाहूल लागताच त्याने बुडी मारली. झेंडूची चार फुलं वर आली. मी गुडघाभर पाण्यात, निर्माल्याच्या लगद्यात किती वेळ उभा होतो कोण जाणे. पिलू वर आलेलं मला दिसलं नाही. पलीकडे लव्हाळ्यातून त्याची आई शीळ घालत राहिली, आणि आरतीच्या आवाजात ती माझ्याखेरीज कुणाला ऐकू आली असेल असं वाटत नाही.

मी वळून अप्पांना शोधलं. त्या क्षणी माझ्यासारखा किळसलेला एक तरी चेहरा मला हवा होता. अप्पा अर्जुनाच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर पोह्यांची बशी. त्यांच्याभोवती अशाच आणखी काही खुर्च्या. मुलांनी गावाहून उचलून टॉवरमध्ये आणून ठेवलेले आईबाप. कुणी गडहिंग्लजचं, कुणी मिरजेचं, कुणी चिकोडीचं. त्यातले एक गृहस्थ शेजारच्याच तालुक्यातल्या कारखान्यात वजनकाट्यावर होते. अप्पा त्यांना हातवारे करून बॉयलर फुटता फुटता कसा वाचला ते सांगत होते. गाण्यांच्या डब्यापेक्षा मोठा आवाज काढायला लागत होता, म्हणून ओरडून सांगत होते. मग ते दोघं एकमेकांच्या हातावर टाळी देऊन हसले. सासूबाई गेल्यापासून अप्पांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. मेघनाही तिकडेच बघत होती. ती काठावरून वळून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

घरी आल्यावर अप्पांनी दोन भाकरी खाल्ल्या. मग हात पुसत म्हणाले, ‘मेघे, शिमग्याला नगं जाऊ म्हणतोय मी. सबनीस सांगत हुते, मंगळवारी भजन असतंय. त्यो काट्यावरचा पाटील खालच्याच मजल्यावर ऱ्हातोय. चार म्हैनं झालं, मला पत्त्याच न्हाई.’

मेघना पुन्हा नळ सोडून रडली, पण ते रडणं निराळं होतं.

मला गप्प बसवेना. ‘अप्पा, पण नदीची काय वाट लावली बघितलीत ना? ते पिलू बघितलंत? आता पाणमांजरं परत येणार नाहीत तिथे. तुमची ती जागा गेली.’

‘व्हय, लई वाईट झालं,’ ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.  ‘खरं सांगू जावई? रागावू नगा. तुमी दिवसभर त्या डब्यात तोंड घालून बसतासा, कुणाशी बोलत न्हाईसा. तिथं गेलं की तुमचं तोंड जरा उजाडायचं. तुमाला बरं वाटतंय म्हणून येत हुतो मी. माझं काय, गप बसून बसून कान कुजलं हुतं माझं.’

 दर शनिवारी पहाटे उठून मी ज्या माणसाला औषध म्हणून नदी पाजत होतो, तो मला बरं वाटावं म्हणून तोंड वाकडं न करता ती पीत होता.

त्याला आता काही वर्षं झाली. अप्पा आमच्याकडेच आहेत. भजनात पेटी वाजवतात. डॉक्टर म्हणतात, प्रकृती छान आहे. मंडळाची माघातली सहल आता ठरून गेलीय, तिला नाव आहे, फलक आहे. मी मधे एकदा एकटा जाऊन आलो. अर्जुनाच्या मुळांना चुनऱ्यांच्या चिंध्या गुंडाळलेल्या, खडकांच्या फटीत नायलॉनचे दोरे, फुगलेले नारळ, तसबिरींच्या चौकटी, एका मारुतीचं नुसतं शेपूट. आणखी कुठकुठली मंडळं यायला लागलीत, नुसते आम्हीच नाही. टपरीवर अक्कांनी थर्माकोलच्या ताटल्या ठेवल्यात. डोहावर तवंग होता. मी दुपारपर्यंत बसलो, एक शीळ ऐकू आली नाही. येताना एका झाडापाशी उलटी झाली आणि मला उगाचच हायसं वाटलं, की निदान शरीराला तरी कळतंय.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. सोसायटीत निर्माल्यासाठी निराळा पिंप ठेवू, खत करू, तुळशीला घालू, असं मी सभेत सुचवलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग एक बाई म्हणाल्या, ‘आणि त्या कुंडीवर कुत्रं मुतलं तर? देवाची फुलं ती!’ सगळ्यांना ते पटलं. पिंप महिनाभर रिकामा राहिला आणि नंतर त्यात लोक पिझ्झाचे खोके टाकायला लागले. पिशव्यांच्या गाठी निदान सोडून टाका एवढं सबनीसांनी कबूल केलं, कारण ते भले गृहस्थ आहेत. मग लोकांनी पिशव्या सोडल्या, निर्माल्य पाण्यात टाकलं आणि पिशव्या काठावर ठेवल्या.

आमच्या घरचं निर्माल्य कोण साठवतं? अप्पाच. आणि नुसतं आमचं नाही. आपल्या टॉवरचं सगळं गोळा करायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. दारोदार जातात, बसून चहा पितात, सुखदुःखं ऐकतात, पिशवी घेऊन येतात. ‘अप्पा आले, अप्पा आले,’ करत पोरं दार उघडतात. मी एकदा फार चिडून बोललो. म्हटलं, ‘अप्पा, त्या पिलाच्या गळ्यातला दोरा असल्याच पिशवीतला होता.’  दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक हाराचा दोरा कात्रीने कापून काढायला लागले. बाल्कनीत बसून, त्या कुजक्या लगद्यात बोटं घालून, एकेक. वास असह्य असतो. मी तिकडे फिरकत नाही. नारळ, चुनऱ्या, तसबिरी तशाच जातात, आणि डोहाचं व्हायचं ते झालेलंच आहे, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आज सहल होती. सकाळी उठलो तर दारात पिशव्यांची रांग. एक फुटून फरशीवर तपकिरी ओघळ आला होता, तो मी नाकाला रुमाल बांधून पुसला. अप्पा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. ‘जावई, जरा डिकी उघडा की. बसपतूर न्यायचंय.’ मी उघडली. पिशव्या मीच भरल्या. त्यांना वाकणं जमत नाही.

बसपाशी माणसं जमली होती. अप्पांना बघून आत गलका झाला. पाटलांनी खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती. सबनीसांनी माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि म्हणाले, ‘तुम्ही पण या ना हो एकदा.’ मी काम आहे म्हणालो. बस सुटेपर्यंत मात्र थांबलो. अप्पा खिडकीतून पाटलांना काहीतरी सांगत हसत होते, वळून त्यांनी मला हात केला. तीन तासांनी त्या डोहात काय पडणार आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या हसऱ्या तोंडाकडे बघून मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, आणि स्वतःची आली तितकी किळस मला तलावाची, सबनीसांची, कुजक्या झेंडूची, कशाचीच आजवर आली नव्हती.